जाणूनबुजून केलेला अपघात



४ डिसेंबर या तारखेचे माहात्म्य मुंबईकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीच्या बंदरावर घाला घातला, आणि त्याच दिवशी पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’च्या धावपट्टीवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढविला, त्या विमानांच्या तुकडीचे नायक संतोषकुमार गुप्ता यांनी विमानभेदी माऱ्याने जायबंदी झालेले आपले विमान समुद्रावरून नौकेपर्यंत सुखरूप आणले, आणि त्या मोहिमेतील नेतृत्वाबद्दल त्यांना महावीर चक्र लाभले. नौवैमानिकांच्या शौर्यावर बोलावयाचे ठरल्यावर या आपल्या कथेकडेच मन प्रथम वळावे हे स्वाभाविक आहे. तरीही आज मी त्याच तारखेच्या, परंतु एकवीस वर्षे आधीच्या, एका परदेशी घटनेवर बोलणार आहे. तिच्यात जय नाही, बुडविलेली नौका नाही, पाडलेले विमान नाही. ज्या हेतूने ते धाडस केले तो हेतूही सिद्धीस गेला नाही. आणि तरीही एका राष्ट्राने आपले सर्वोच्च शौर्यपदक त्या धाडसाला अर्पण केले. असे का व्हावे, याचा विचार मला दीर्घकाळ सोडीत नाही.

स्थळ कोरिया, साल १९५०. त्या द्वीपकल्पाच्या ईशान्येस, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीच्या ओसाड पठारावर चोसिन नावाचा एक जलाशय आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली लढणारे अमेरिकेचे मरीन सैनिक आणि त्यांच्याबरोबरच्या भूदलाच्या तुकड्या या जलाशयाच्या काठी विखुरल्या असताना, २७ तारखेच्या रात्री डोंगरांतून चिनी फौजा त्यांच्यावर कोसळल्या. सुमारे तीस हजार माणसांना सव्वा लाखांच्या आसपास सैन्याने वेढले. परतण्यास एकच अरुंद रस्ता, तोही दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून शत्रूच्या बंदुकांच्या टप्प्यात. रात्री पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरे, बंदुकीचे वंगण थिजून जाई, आणि रक्तद्रव्याच्या बाटल्या गोठल्यामुळे जखमींना रक्त देणेही अशक्य होई. या वेढ्यातून ते सैन्य हुंगनाम बंदरापर्यंत बाहेर पडू शकले, याचे मोठे श्रेय आकाशातून सतत मिळालेल्या साहाय्यास आहे, आणि त्या साहाय्याचा मोठा वाटा जपानच्या समुद्रात उभ्या असलेल्या विमानवाहू नौकांनी उचलला होता.

हा मुलूख आपणांस सर्वथैव परका नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. त्याच हिवाळ्यात, माघारीच्या धुमश्चक्रीत, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालील भारतीय सेनेची साठावी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी कोरियात तैनात होती. आणि युद्ध थांबल्यावर ज्या युद्धकैद्यांचा प्रश्न कोणासच सुटत नव्हता, त्यांचा ताबा घेण्यासाठी १९५३ साली जी भारतीय फौज तेथे गेली, तिचे सेनापतिपद कोल्हापूरच्या मातीतील मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकाने आमच्या भूमीवर पाऊल टाकू नये असा हट्ट धरल्यामुळे थोरातांचे जवान जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांत बसून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरले. हेलिकॉप्टर हे यंत्र त्या युद्धात किती नवे आणि किती मोलाचे होते, हे मी पुढे जे सांगणार आहे त्यावरून ध्यानात येईल.

‘लेयटे’ या विमानवाहू नौकेवर बत्तिसाव्या लढाऊ तुकडीचे वैमानिक होते. त्यांची विमाने कॉर्सेअर जातीची: गरुडाने पंख मुडपावेत तसे खाली वळून पुन्हा वर उचललेले पंख, पुढे लांबच लांब नाक, आणि त्या नाकात दोन हजार अश्वशक्तींहून बलवान इंजिन. नाक इतके लांब की नौकेवर उतरताना वैमानिकास समोरचे काही दिसत नसे. डावीकडे वळण घेत, नौकेच्या मागच्या टोकावर हातांत पाट्या घेऊन उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्याच्या इशाऱ्यांवर विसंबून, शेपटीखालचा आकडा धावपट्टीवरील आडव्या तारेत अडकवावा लागे. तार हुकली की पुढे जाळे, आणि जाळ्यापलीकडे इतर विमाने व माणसे. त्या हिवाळ्यात धावपट्टीवर बर्फाचा थर जमे आणि तो खरवडून काढल्याखेरीज उड्डाणे होत नसत. खाली समुद्रात पडलेला माणूस त्या पाण्यात काही मिनिटेच तग धरू शकतो हे प्रत्येकास ठाऊक असे. असे रोज करणाऱ्या माणसाचे धैर्य आपण गृहीत धरतो, त्याला पदके देत नाही. ते त्याच्या कामगिरीचाच भाग होय.

या तुकडीत एन्साइन हुद्द्याचा एक वैमानिक होता, जेसी ब्राउन. अमेरिकेच्या नौदलाचे संपूर्ण उड्डाण-शिक्षण पार पाडून वैमानिकाचे पंख मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. जन्म १९२६ चा, मिसिसिपी राज्यातील हॅटिसबर्गचा. घरात नळ नाही, शौचकूप नाही. वडील कधी वखारीत तर कधी दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने राबणारे, आई शिक्षिका. विमान पाहिले की शेतातले काम टाकून वर पाहत राहणारा हा मुलगा ओहायोच्या विद्यापीठात गेला, रात्री रेल्वेचे डबे भरण्याची हमाली करून त्याने शिक्षणाचा खर्च भागविला, आणि नौदलाच्या उड्डाण-शिक्षणास दरखास्त केली. सैन्यातील वर्णभेद रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचे फर्मान २६ जुलै १९४८ रोजी निघाले, आणि त्याच वर्षीच्या २१ ऑक्टोबरला ब्राउनच्या छातीवर पंख लागले. फर्मान निघाल्याने माणसांची मने पालटत नाहीत, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्ततेला पंचाऐंशी वर्षे होत आली असताना ब्राउनसारखा पुरुष प्रशिक्षणकाळातील अवहेलना गिळून, दुसऱ्याला आपल्यामुळे संकोच वाटू नये याची काळजी घेत वावरत होता, हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात आपल्या घरचे पुष्कळ काही जागे झाल्याशिवाय राहत नाही.

त्याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर गावचा, नौदलाच्या अकादमीतून १९४६ साली बाहेर पडलेला, खाऊनपिऊन सुखी अशा गोऱ्या कुटुंबातला टॉम हडनर तुकडीत रुजू झाला, तेव्हा कपडे बदलण्याच्या खोलीत ब्राउन आत आला, त्याने मानेनेच नमस्कार केला, पण हात पुढे केला नाही. समोरच्या गोऱ्या माणसाने हस्तांदोलन नाकारले तर त्याचीच पंचाईत होईल, असा त्याचा विचार. हडनरनेच पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. पुढे दोघांची गाढ मैत्री वगैरे झाली असे जे लिहिले जाते, त्यात मला किंचित अतिशयोक्ती दिसते; ते एका तुकडीतले सहकारी होते, परस्परांविषयी आदर बाळगणारे. उलट मला हे महत्त्वाचे वाटते की हुद्द्याने हडनर वरचा असूनही हवेत मात्र ब्राउन पुढे उडे आणि हडनर त्याच्या पंखाशी, कारण ब्राउनचा अनुभव अधिक होता. दोघांच्या जोडीत मागच्याने पुढच्याचे रक्षण करावयाचे, हा आकाशातला कायदा. वर्णाच्या उतरंडीत ज्याला खालचे मानले, त्याच्यामागे जाणे हडनरने एखाद्या क्षुल्लक गोष्टीसारखे स्वीकारले होते, आणि त्या स्वीकारातच पुढच्या प्रसंगाचे बीज आहे असे माझे मत आहे.

४ डिसेंबरला दुपारी दीडनंतर सहा कॉर्सेअर ‘लेयटे’वरून उडाली. नायक डिक सेव्होली. काम नेहमीचे: जलाशयाच्या पश्चिमेकडील डोंगरांत शत्रूच्या हालचाली शोधणे. पावणेतीनच्या सुमारास एका वैमानिकाने ब्राउनला सांगितले, की तुझ्या विमानातून वाफेसारखे काहीतरी बाहेर पडते आहे. खालून झाडलेल्या बंदुकीची एखादी गोळी लागली असावी. इंजिनाची शक्ती गेली. समुद्र दूर, आपले ठाणे दूर, उंची हवाई छत्री उघडण्यास अपुरी. ब्राउनने इंधनाच्या जादा टाक्या आणि रॉकेटे सोडून दिली, डोंगरउतारावर वाटीसारखी एक मोकळी जागा हेरली, आणि विमान तेथे उतरविले. विमान आपटले, नाक तुटून पडले, आणि वैमानिकाच्या कक्षापाशी सांगाडा वाकला. वरच्या पाचांना वाटले, संपले. मग काचेचे झाकण मागे सरकले आणि ब्राउनने हात हलविला. पण तो बाहेर येईना. नाकाच्या मोडक्या भागातून धूर निघू लागला.

येथे मी जरा थांबणार आहे, कारण या क्षणाविषयी बोलण्यासाठीच मी आपल्यापुढे उभा आहे. रणांगणावरील पुष्कळसे शौर्य हे क्षणाच्या वेगात घडते; विचार करावयास अवसर असता तर कदाचित ते घडलेही नसते, आणि म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही. हडनरला मात्र अवसर होता. तो वर घिरट्या घालीत होता. हेलिकॉप्टर बोलाविल्याचे, ते येण्यास बराच वेळ लागणार असल्याचे त्याला ठाऊक होते. शत्रूच्या ओळींच्या मागे कित्येक मैल, संध्याकाळ तोंडावर आलेली. सुस्थितीतील सरकारी विमान हेतुपुरस्सर मोडणे हा सैनिकी शिस्तीत लहान अपराध नव्हे. आणि खाली उतरून एक माणूस नेमके काय करू शकेल, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. या सर्वांचा हिशेब करून, कोणाचीही परवानगी न मागता, त्याने आपली रॉकेटे आणि दारूगोळा रिकामा केला, आणि चाके आत ठेवूनच, कारण चाके उघडी असती तर विमान बर्फात उलटले असते, ते अगडबंब यंत्र ब्राउनच्या विमानाजवळ उतारावर आपटले. त्याच्या पाठीला दुखापत झाली, आणि ती त्याला पुढे बराच काळ जाणवली.

आता जे पाऊण-एक तास घडले ते मी सविस्तर सांगतो, कारण शौर्याच्या वर्णनात आपण नेहमी उडीपर्यंत येतो आणि उडीनंतरचा वेळ गाळतो. ब्राउनने छत्रीचे पट्टे सोडविण्यासाठी हातमोजे काढले होते, शिरस्त्राणही काढले होते. बोटे थंडीने कडक झाली होती. हडनरने आपल्या खिशातील लोकरी टोपी त्याच्या डोक्यावर ओढली, गळपट्टा त्याच्या हातांना गुंडाळला. मग तो कक्षाच्या कडेवर चढू लागला, पण बुटांना चिकटलेल्या बर्फामुळे विमानाच्या पत्र्यावर पाय ठरेना. तो घसरे, पुन्हा चढे. ब्राउनचा उजवा पाय गुडघ्यापाशी उपकरणांच्या फळीखाली चिरडून अडकला होता. दोन हातांनी ती फळी हलणे शक्य नव्हते. म्हणून तो पुन्हा खाली उतरला आणि धुमसणाऱ्या इंजिनात हातांनी बर्फ भरू लागला. आपल्या विमानाकडे जाऊन त्याने बिनतारी यंत्रावरून निरोप दिला, की हेलिकॉप्टर येताना कुऱ्हाड आणि आग विझविण्याचे नळकांडे आणावे. या सर्व वेळात ब्राउन ओरडला नाही, रडला नाही. ज्याचा पाय चिरडलेला आहे, ज्याला आपल्या पुढ्यात आग धुमसताना दिसते आहे, तो माणूस मदतीला आलेल्याला धीर येईल इतक्या शांतपणे बोलत होता.

मला येथे आग्रहाने म्हणावयाचे आहे, की या कथेतला पहिला वीर ब्राउन आहे. पुष्कळ ठिकाणी ही कथा एका गोऱ्या माणसाच्या उदारपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ब्राउन तिच्यात केवळ वाचविला जाणारा म्हणून उरतो. हा अन्याय आहे. मोडक्या विमानाला जिवंत राहता येईल असे उतरविणे हे त्याचे कौशल्य; तोंडातून हाय न काढणे हे त्याचे धैर्य; आणि शुद्ध हरपत असताना त्याने उच्चारलेला अखेरचा निरोप आपल्या पत्नीविषयीच्या, डेझीविषयीच्या, प्रेमाचा होता. तो अवघा चोवीस वर्षांचा होता. घरी मुलगी दोन वर्षांची होत आली होती.

मरीन दलाचा वैमानिक चार्ल्स वॉर्ड हेलिकॉप्टर घेऊन आला. नळकांडे इंजिनाच्या आगीपुढे अपुरे पडले, कुऱ्हाड पत्र्यावरून ठणठणत माघारी फिरू लागली. दोघांनी आलटून पालटून प्रयत्न केले. पाय कापून काढावा का, याचाही विचार झाला. ब्राउनने स्वतःच ते सुचविले. पण पाय जेथे अडकला होता तेथपर्यंत सुरी पोहोचत नव्हती. ब्राउन मधूनमधून बेशुद्ध होई, मग बोलेनासा झाला. अंधार पडू लागला. त्या काळच्या हेलिकॉप्टराला रात्री डोंगरांतून उडण्याची सोय नव्हती; राहिले तर दोघेही थंडीने मरणार हे उघड होते. हडनरने ब्राउनला सांगितले, की आम्ही परत येऊ, अधिक साधने घेऊन येऊ. ते ऐकण्यास ब्राउन जिवंत होता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. ते निघाले.

हडनर नौकेवर पोहोचल्यावर कप्तान थॉमस सिसन यांनी मृतदेह आणण्यासाठी हेलिकॉप्टर पाठवावे का, याची विचारणा केली. हडनरने स्वतःच नको म्हटले. त्यात आणखी माणसे जातील, आणि जेसीला ते आवडले नसते. ज्याने एका माणसासाठी आपला जीव पणाला लावला, त्यानेच त्या माणसाच्या देहासाठी दुसऱ्यांचे जीव पणाला लावण्यास नकार दिला, ही गोष्ट मला त्याच्या उडीइतकीच थोर वाटते. ७ डिसेंबरला सहकाऱ्यांनी पुन्हा त्या जागेवर जाऊन विमानासह त्याच्या देहावर नापामचा अग्नी टाकला, आणि तो टाकताना बिनतारी यंत्रावरून ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. शत्रूच्या मुलखात मित्राला देता आलेला तोच अंत्यसंस्कार.

आता पदकाचा प्रश्न. सिसन यांनी मनात आणले असते, तर हुकमाविना सरकारी विमान गमावल्याबद्दल हडनरची रीतसर चौकशी लावता आली असती. हडनरलाही तशी अपेक्षा होतीच. सिसन यांनी उलट त्याची सर्वोच्च पदकासाठी शिफारस केली. लष्करी व्यवस्थेला असे निर्णय घेणे सोपे नसते, कारण उद्या दुसरा तरुण हेच उदाहरण पुढे करून दोन विमाने आणि दोन वैमानिक गमावू शकेल. ही शंका मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु एखाद्या सेनेत हजारो माणसे रोज उठून जी जोखीम घेतात, ती पगारावर किंवा पदोन्नतीवर घेतलेली नसते. आपण पडलो तर वरचे लोक आपल्याला मोजणीतून वजा करून परत फिरणार नाहीत, या विश्वासावर ती घेतलेली असते. हडनरने ब्राउनला वाचविले नाही. ‘लेयटे’वरच्या प्रत्येक वैमानिकाचा तो विश्वास मात्र त्याने त्या दुपारी खरा करून दाखविला, आणि सिसन यांच्या शिफारशीला हाच आधार होता असे मी मानतो. फळाच्या मापाने मोजावयाचे, तर आपल्या इतिहासातील कितीतरी बलिदानांना आपण निष्फळ म्हणावे लागेल, आणि तसे म्हणावयास आपली जीभ धजत नाही.

१३ एप्रिल १९५१ रोजी ट्रुमन यांनी हडनरच्या गळ्यात पदक घातले. सेनापती मॅकआर्थर यांना अधिकारावरून दूर करून त्यांना जेमतेम दोन दिवस झाले होते, आणि सारा देश त्या वादाने हलून गेला होता. त्या समारंभाला डेझी ब्राउन उपस्थित होती. कोरियाच्या युद्धात नौदलाच्या वाट्याला आलेले ते पहिले सर्वोच्च पदक. ब्राउनलाही मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. फॉल रिव्हरच्या नागरिकांनी आपल्या वीराचा सत्कार करून त्याला एक हजार डॉलरची थैली दिली, ती त्याने जशीच्या तशी डेझीच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. पुढे ती शिक्षिका झाली. १९७३ साली ‘जेसी एल. ब्राउन’ नावाची युद्धनौका नौदलात दाखल झाली. हडनरने स्वतः त्याच वर्षी कप्तान हुद्द्यावरून निवृत्ती घेतली, आणि त्याच्या नावाची विनाशिका २०१८ च्या डिसेंबरात बोस्टन बंदरी दाखल झाली, तेव्हा त्याला जाऊन वर्ष लोटले होते.

त्या संध्याकाळी दिलेला परत येण्याचा शब्द त्याने आपल्या परीने कधीच सोडला नाही. २०१३ च्या जुलैत, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ब्राउनचे अवशेष शोधण्याची परवानगी मागण्यासाठी हडनर उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगला, गेला. ज्या सरकारच्या सैन्याविरुद्ध तो लढला होता, त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांसमोर त्याने ही विनंती मांडली. त्यांनी ती फेटाळली नाही. पावसाने डोंगरांतले रस्ते वाहून गेले आहेत, हवामान निवळल्यावर सप्टेंबरात यावे, असे सांगितले. त्या सप्टेंबरात त्याला जाता आले नाही, पुढेही आले नाही. जेसी ब्राउनचे अवशेष अद्याप त्याच्या कुटुंबाकडे आलेले नाहीत, आणि दोन राष्ट्रांमध्ये या विषयाची बोलणी आज बंद आहेत. ती पुन्हा सुरू व्हावीत, ही इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.